खांबासारखा वाढणारा कॅक्टस घरी लावताना: खरेदीपासून पावसाळा पार पाडण्यापर्यंत

कॅक्टस हे वाळवंटातले झाड, त्यामुळे त्याला कितीही ऊन चालते, पाणी लागत नाही आणि लक्षही द्यावे लागत नाही, अशी घरी कॅक्टस आणणाऱ्या बहुतेकांची समजूत असते. यातील पहिल्या दोन गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत आणि तिसरी आपल्या हवामानात मुळीच खरी नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात नीट रुळलेला कॅक्टस उन्हाळ्याने सहसा मरत नाही. तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत खालून सडतो आणि वरचे खोड बरेच दिवस हिरवेगार दिसत राहिल्यामुळे मालकाला ते कळेपर्यंत ऑक्टोबर उजाडलेला असतो. म्हणूनच पुढील पायऱ्यांतील बहुतेक सूचना, मग त्या मातीच्या असोत वा कुंडीच्या, पावसाळ्याकडे नजर ठेवून दिलेल्या आहेत.

येथे मुख्यतः सेरियस या दक्षिण अमेरिकी कॅक्टसचा विचार केला आहे. निळसर हिरवे, उभ्या धारांचे, सरळ वर जाणारे खोड असलेले हे झाड आपल्याकडील नर्सरींत सहज मिळते, तुलनेने वेगाने वाढते आणि नवख्या माणसाच्या चुकाही बऱ्यापैकी पोटात घालते. ब्राझीलमधील आकाशी निळा पायलोसोसेरियस आणि मेक्सिकोतील मिर्टिलोकॅक्टस यांनाही हीच पद्धत लागू पडते. पांढऱ्या केसांनी झाकलेला ‘म्हातारा कॅक्टस’ आणि रुपेरी काट्यांचा क्लिस्टोकॅक्टस दिसायला फार देखणे असले तरी दमट हवेत ते कुरकुरतात, त्यामुळे पहिल्या खरेदीत त्यांच्या वाटेला जाऊ नये. चित्रपटांत दिसणारा, हात वर करून उभा असलेला ॲरिझोनातील सग्वारो हवा असा आग्रह काही जण धरतात. त्या झाडाला पहिला हात फुटायला साधारणपणे पन्नास वर्षांहून अधिक काळ जातो, तेव्हा तो नाद सोडून दिलेला बरा.

१. आधी ओळख पटवून घ्या

नर्सरीत ‘कॅक्टस’ म्हणून विकली जाणारी अनेक उभी, काटेरी झाडे प्रत्यक्षात युफोर्बिया कुळातील असतात. कडेला बारीक पाने फुटलेला, तीन धारांचा युफोर्बिया तर हमखास कॅक्टसच्या रांगेत ठेवलेला असतो. आपल्या डोंगरउतारांवर आणि शेताच्या कुंपणाला दिसणारे त्रिधारी निवडुंगही त्याच गटातले. फरक ओळखण्यासाठी काट्यांच्या मुळाशी बारकाईने पाहावे. खऱ्या कॅक्टसमध्ये काट्यांचा प्रत्येक झुबका एका लहानशा, लवदार, मळकट पांढऱ्या किंवा तपकिरी गादीतून निघालेला असतो आणि अशा गाद्या धारेवर ठरावीक अंतराने ओळीने बसलेल्या असतात. युफोर्बियात अशी गादी नसते आणि काटे बहुधा जोडीने येतात. सुईने किंचित टोचल्यास युफोर्बियातून दुधासारखा पांढरा चीक येतो, तर सेरियसमधून केवळ पाणीदार, चिकट रस येतो.

हा भेद केवळ नावापुरता नाही. युफोर्बियाचा चीक त्वचेला जळजळ करतो आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात आपण नेमके काय आणत आहोत हे ठाऊक असले पाहिजे.

२. खरेदी करताना काय तपासावे

नर्सरीत गेल्यावर झाडाचा शेंडा न पाहता आधी बूड पाहावे. खोड मातीला जेथे टेकते तेथे काडीने किंवा पेनाच्या मागच्या टोकाने हलकेच दाबावे. ती जागा टणक लागली पाहिजे. जुन्या खोडाच्या बुडाशी खाकी, सालीसारखा कोरडा थर असणे नैसर्गिक आहे आणि त्याला घाबरण्याचे कारण नाही, परंतु ओलसर, काळपट आणि दबणारा भाग दिसल्यास ते झाड कितीही स्वस्तात मिळत असले तरी घेऊ नये. कुंडी धरून खोड जरासे हलवून पाहावे. खोड मोकळे डुलत असेल तर मुळे धरलेली नाहीत किंवा ती सडली आहेत.

दोन गोष्टींपासून विशेष सावध राहावे. पहिली म्हणजे शेंड्यावर गोंदाने चिकटवलेली रंगीत, कागदासारखी वाळकी फुले. ती काढताना शेंड्याच्या वाढीच्या बिंदूला इजा होते. दुसरी म्हणजे मातीवर डिंकाने घट्ट बसवलेल्या पांढऱ्या खड्यांचा थर, ज्याखाली माती किती दिवस ओली राहते ते कळतच नाही. रंग फवारून निळे किंवा गुलाबी केलेले कॅक्टसही हल्ली मिळतात. रंगाच्या थरामुळे खोडाला प्रकाश मिळत नाही, त्यामुळे ते झाड शोभेची वस्तू म्हणूनच घ्यावे.

पहिले झाड फूट-दीड फूट उंचीचे, मनगटाएवढ्या जाडीचे असावे. बोटभर उंचीची रोपे पावसाळ्यात पटकन दगा देतात आणि चार फुटी झाड घरी आणणे हा स्वतंत्र उद्योग असतो. खरेदीसाठी फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत चांगला, कारण पाऊस सुरू होण्यापूर्वी मुळांना नव्या कुंडीत स्थिरावायला दोन-तीन महिने मिळतात.

३. लागणारे साहित्य

सामान फारसे लागत नाही आणि बरेचसे घरातच सापडते.

• तळाला मोठे भोक असलेली मातीची कुंडी, खोडापेक्षा चार-पाच सेंटिमीटर रुंद वाटेल एवढी
• लाल माती, चाळलेले गांडूळखत, जाडसर वाळू किंवा बारीक कच
• मूठभर निंबोळी पेंड
• जाड चामड्याचे हातमोजे, जुनी वर्तमानपत्रे, थर्माकोलचे तुकडे
• बांबूची काठी आणि जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या
• धारदार सुरी, सर्जिकल स्पिरिट, गंधकाची भुकटी
• पावसाळ्यासाठी पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिकचा कागद

हातमोज्यांवर पूर्ण विसंबू नये, कारण सेरियसचे मोठे काटे साध्या कापडी मोज्यांतून सहज आरपार जातात. वर्तमानपत्राच्या चार-पाच पानांची एकत्र घडी घालून रुंद पट्टा करावा, तो खोडाभोवती कमरपट्ट्यासारखा गुंडाळावा आणि त्याची दोन्ही टोके मुठीत धरून झाड उचलावे. मोठ्या खोडासाठी असे दोन पट्टे आणि दोन माणसे लागतात.

४. माती आणि कुंडी

कॅक्टसची माती ठरवताना तिच्यातून पाणी किती लवकर निघून जाते हा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे. देशावरील काळी माती या कामासाठी निरुपयोगी आहे, कारण ती पाणी धरून ठेवते, सुकल्यावर आवळते आणि मुळे तोडते. नर्सरीतून आलेले झाड बहुधा कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, गोळ्यात असते. तो गोळा एकदा पूर्ण सुकला की पुन्हा भिजता भिजत नाही आणि एकदा नीट भिजला की पावसाळी हवेत सुकता सुकत नाही, त्यामुळे झाड घरी आणल्यानंतर आठवड्याभरात ते कोकोपीट झाडून टाकावे.

एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत आणि दोन भाग जाडसर वाळू किंवा कच असे मिश्रण पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी चांगले चालते. मुंबई, कोकण आणि गोवा येथे वाळू किंवा कच तीन भाग घ्यावा. बांधकामावरची क्रश सँड वापरायची असेल, तर ती बादलीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. तिच्यातील पिठासारखी धूळ मातीतील सगळ्या फटी बुजवते आणि मग वाळू घातल्याचा उपयोगच उरत नाही. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू मात्र धुऊनही वापरू नये, कारण ती बारीकही असते आणि खारटही. कोकणात जांभा दगडाचे वाटाण्याएवढे तुकडे फुकट मिळतात आणि ते विकतच्या पर्लाइटपेक्षा (मातीत मिसळायच्या हलक्या, पांढऱ्या खड्यांपेक्षा) या कामी मला अधिक पसंत आहेत, कारण त्यांचे वजन उंच झाडाला उभे ठेवते.

मिश्रण तयार झाल्यावर एक साधी चाचणी करावी. कुंडी मिश्रणाने भरून तिच्यात तांब्याभर पाणी एकदम ओतावे. पाणी वर तळे करून न थांबता काही सेकंदांत खाली उतरले आणि भोकातून वाहू लागले, तर मिश्रण योग्य आहे. ते वर साचून राहिले, तर आणखी कच घालावा.

कुंडीच्या तळाला खडीचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो ही समजूत सर्वत्र आहे, परंतु ती खरी नाही. बारीक कणांच्या मातीतून पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही आणि मातीच्या खालच्या भागातच अडून राहते, म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापराचा एक बाकदार तुकडा पालथा ठेवणे पुरेसे आहे. चकाकणाऱ्या सिरॅमिकच्या किंवा प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा साधी मातीची कुंडी घ्यावी, कारण तिच्या भिंतीतूनही ओल बाहेर पडते आणि ती जड असल्याने वाऱ्यात झाड पडत नाही.

लावताना खोड पूर्वी जितके मातीत होते तितकेच ठेवावे. झाड उभे राहावे म्हणून ते खोल गाडण्याचा मोह होतो. तो टाळून बांबूच्या काठीचा आधार द्यावा आणि कापडाच्या पट्टीने सैल बांधावे. कुंडी बदलल्यानंतर किमान आठवडाभर पाणी घालू नये, म्हणजे तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकतात.

५. ऊन आणि जागा

सेरियसला दिवसातून किमान चार-पाच तास थेट ऊन लागते. बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवलेला कॅक्टस मरत नाही, पण त्याचा शेंडा पेन्सिलीसारखा निमुळता, फिकट आणि लांबट होत जातो. हा बारीक झालेला भाग नंतर उन्हात ठेवूनही कधीच जाड होत नाही आणि पुढे त्याच जागी खोड वाकते किंवा मोडते. काटेरी झाड घरात नको असे वास्तूच्या नावाने सांगणारे एखादे ज्येष्ठ घरी असतील, तर त्यांच्याशी वाद घालू नये. झाड बाल्कनीत किंवा गच्चीवर गेले की त्यांचेही समाधान होते आणि झाडाचेही.

नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेले झाड घरी आणल्या आणल्या भर उन्हात ठेवले, तर दक्षिण किंवा पश्चिमेकडील बाजूवर पिवळट पांढरे चट्टे उमटतात आणि ते पुढे तपकिरी होऊन कायमचे राहतात. म्हणून पहिला आठवडा फक्त सकाळचे कोवळे ऊन द्यावे आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वेळ वाढवावी. नर्सरीत झाडाची कोणती बाजू उन्हाकडे होती हे विचारून कुंडीवर खडूने खूण केल्यास आणखी चांगले, कारण तीच बाजू पुन्हा उन्हाकडे ठेवता येते. नागपूर, चंद्रपूर, अकोला अशा ठिकाणी पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ५० टक्के सावलीची जाळी लावावी. रात्रीही हवा तापलेली राहिली तर कॅक्टसची वाढ थंडावते, कारण ही झाडे पानांच्या झाडांप्रमाणे दिवसा नव्हे, तर रात्री आपली रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. अशा दिवसांत वाढ दिसत नाही म्हणून पाणी किंवा खत वाढवू नये.

बाल्कनीच्या कठड्यावर कुंडी ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको. उंच खोडावर वारा शिडासारखा भरतो.

६. पाणी

“आठवड्यातून किती वेळा?” हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याचे नेमके उत्तर वारांत देता येत नाही. भाजी कबाबासाठी वापरतात ती बांबूची काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसावी, पाच मिनिटांनी काढून तिला गालाला लावून पाहावे. काडी गार किंवा ओलसर लागली, तर पाणी घालू नये. ती पूर्ण कोरडी निघाल्यावर आणखी दोन-तीन दिवस थांबून मगच पाणी द्यावे, आणि देताना चमचा-चमचा न शिंपडता भोकातून वाहीपर्यंत द्यावे. कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे.

ढोबळ अंदाज हवाच असेल, तर मार्च ते मे या काळात आठ-दहा दिवसांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन आठवड्यांनी आणि डिसेंबर-जानेवारीत तीन-चार आठवड्यांनी पाणी पुरते. धारा किंचित आत ओढल्यासारख्या आणि खोड जरासे सुरकुतलेले दिसणे ही तहानेची खूण आहे आणि पाणी मिळताच धारा पुन्हा फुगतात. माती ओली असूनही खोड सुरकुतलेले दिसले, तर मात्र मुळे सडली आहेत असे समजावे. अशा वेळी आणखी पाणी घालणे हा नवख्या माणसाच्या हातून होणारा सर्वांत घातक उपाय आहे.

७. पावसाळ्याची तयारी

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ही कामे उरकावीत. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी, म्हणजे तळाचे भोक फरशीला चिकटत नाही आणि खालून हवा खेळते. वरून पारदर्शक पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे छप्पर करावे, परंतु बाजू उघड्या ठेवाव्यात. संपूर्ण झाडाला प्लास्टिकची पिशवी घालणारेही लोक आहेत. त्या पिशवीत वाफ कोंडते आणि पावसात भिजून झाले नसते तेवढे नुकसान बुरशी करते.

पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर मुंबईत २००० मिलिमीटरहून अधिक आणि कोकण-गोव्यात त्याहूनही जास्त. त्यामुळे पुण्याच्या किंवा त्याहून कोरड्या भागातील जुने, मोठे सेरियस निचऱ्याच्या जमिनीत उघड्यावरही पावसाळा काढतात. ते पाहून डोंबिवलीच्या किंवा रत्नागिरीच्या वाचकाने आपली कुंडी उघड्यावर ठेवू नये. छपराखाली असलेल्या कुंडीला जून ते सप्टेंबर या काळात महिन्यातून एकदा, उघडीप पाहून थोडेसे पाणी पुरते. हवाच इतकी दमट असते की सतत पाऊस लागलेला असताना तेही चुकवले तर बिघडत नाही.

दर रविवारी बूड तपासण्याची सवय मात्र या काळात सोडू नये.

८. खत आणि कीड

खताबाबत हात आखडता ठेवावा. फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये मूठभर गांडूळखत मातीवर पसरून हलवून घेतले की बहुतेक झाडांचे भागते. नत्र जास्त असलेले खत दिल्यास खोड भराभर फुगते, साल तडकते आणि आतला पोकळ मऊपणा किडीला व बुरशीला आमंत्रण ठरतो.

पिठ्या ढेकूण ही मुख्य कीड होय. धारांच्या खाचांत आणि काट्यांच्या गाद्यांभोवती कापसासारखे पांढरे ठिपके दिसले की कानात घालायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक ठिपका पुसून काढावा. प्रादुर्भाव मोठा असल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर नीमतेल आणि भांडी घासण्याच्या द्रवाचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारावे. निळसर खोडाच्या जातींत आधी मागच्या बाजूला लहान जागी करून पाहावे, कारण खोडाचा निळा रंग हा मेणाच्या पातळ थराचा असतो आणि तेल किंवा स्पिरिट लागलेल्या जागी तो कायमचा पुसला जातो. शेंड्याजवळ गंजासारखा खरखरीत, विटकरी थर दिसला, तर तो लाल कोळी असतो. कोरड्या उन्हाळ्यात तो येतो आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराचसा धुऊन निघतो.

९. बूड सडल्यास

सडणे सुरू झाले की औषधाने ते थांबत नाही, कापावेच लागते. सुरीचे पाते स्पिरिटने पुसून घ्यावे आणि सडलेल्या भागाच्या बरेच वर आडवा छेद द्यावा. आता कापलेल्या पृष्ठभागाकडे नीट पाहावे. पांढरट हिरव्या गरात मध्यभागी एक गोल कडे दिसते, ज्यातून झाडाचे पाणी वाहते. त्या कड्यावर नारिंगी, लालसर किंवा तपकिरी रंगाचा अगदी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला, तरी सड तेथवर पोचलेली आहे. पाते पुन्हा पुसून आणखी बोटभर वर चकती कापावी आणि कडे सर्व बाजूंनी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहावे. झाड लहान होत चालले म्हणून मध्येच थांबणारा माणूस महिन्याभरात उरलेलेही गमावतो.

स्वच्छ छेद मिळाल्यावर त्याच्या कडा पेन्सिलीसारख्या तिरक्या छाटाव्यात, कारण सुकताना गर आत ओढला जातो आणि टणक सालीची कडा तशीच राहिली, तर मध्ये खळगा पडून मुळे मातीला टेकत नाहीत. छेदावर गंधकाची भुकटी लावून तुकडा सावलीत, हवेशीर जागी उभा ठेवावा. आडवा ठेवल्यास शेंडा वर वळतो आणि खोड कायमचे वाकडे होते, म्हणून रिकाम्या कुंडीत कागद कोंबून त्यात तो टेकवावा. छेदावर कोरडी, कडक खपली धरायला हिवाळा-उन्हाळ्यात दोन ते तीन आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून अधिक. त्यानंतर कोरड्या मिश्रणात तो दोन-तीन इंच रोवावा, काठीचा आधार द्यावा आणि पहिले पाणी दोन आठवड्यांनी, तेही बेताचे द्यावे. मुळे फुटली की नाही हे उपटून पाहू नये. हलके हलवल्यावर खोड अडते असे जाणवले की मुळे धरली.

१०. उंची आवरणे आणि फुले

जम बसलेला सेरियस वर्षाला फूटभर सहज वाढतो, त्यामुळे काही वर्षांत तो बाल्कनीच्या छताला टेकणारच. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरील पद्धतीनेच शेंडा कापून नवे झाड करावे. कुंडीत उरलेल्या खोडाच्या छेदावर गंधक लावून पाऊस लागणार नाही असे ठेवले, तर काही आठवड्यांत वरच्या गाद्यांतून दोन-तीन फांद्या फुटतात.

फुले मात्र घाईने येत नाहीत. पुरेसे ऊन मिळालेल्या, बऱ्यापैकी उंच झाडाला उन्हाळ्याच्या अखेरीपासून कळ्या येऊ लागतात. कळी दिसल्यावर कुंडी फिरवू नये, नाहीतर ती गळते. आपल्याकडे घरोघरी ‘ब्रह्मकमळ’ म्हणून लावलेले, कुंडीतून लोंबणारे झाड हाही कॅक्टसच आहे आणि सेरियसचे पांढरे, मोठे फूल त्याच्याप्रमाणेच रात्री उमलून सकाळी मिटते. एकाच झाडाच्या परागांनी सेरियसला सहसा फळ धरत नाही. फळ हवे असल्यास वेगळ्या झाडाचे पराग मऊ ब्रशने त्याच रात्री लावावे लागतात. एकाच झाडाचे कापून लावलेले तुकडे हे यासाठी वेगळे झाड ठरत नाही. फळ बिनकाट्याचे, लाल किंवा पिवळसर सालीचे असते, आतला पांढरा गर बारीक काळ्या बियांसह खाता येतो.

११. परदेशातून तुकडा आणायचा असल्यास

शेजाऱ्याकडून तुकडा घेण्यासाठी कोणताही कागद लागत नाही. अमेरिकेतून किंवा आखातातून येणाऱ्या नातेवाइकांना मात्र बॅगेत तुकडा घालून आणायला सांगू नये. कॅक्टस कुळातील बहुतेक सर्व जाती साइट्स या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे घराच्या अंगणात वाढवलेल्या झाडाचा तुकडा असला तरी सीमा ओलांडताना कागद लागतात. पुढील गोष्टी निघण्यापूर्वीच हातात असल्या पाहिजेत.

• निघणाऱ्या देशाचा साइट्स परवाना किंवा कृत्रिम लागवडीचे प्रमाणपत्र
• त्या देशाच्या कृषी खात्याने दिलेले वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र
• भारताच्या २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशानुसार घेतलेला आयात परवाना

बियांनाही क्वारंटाइनचे नियम लागू आहेत, त्यामुळे त्या पाकिटातून टपालाने मागवणे ही पळवाट ठरत नाही. एवढा खटाटोप एका सेरियससाठी करण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण तेच झाड जवळच्या नर्सरीत किंवा एखाद्या जुन्या बंगल्याच्या कुंपणाशी उभे असते आणि फेब्रुवारीत मालकाला विचारल्यास हातभर तुकडा बहुधा आनंदाने मिळतो.